'किड'ला मराठीत काय म्हणायचं? (शब्दचर्चा)

बकुळ_ठाणे
आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा जुना चित्रपट दाखवतात. येणारे बहुतेक साठीच्या पुढचे. अमेरिकन उच्चार कळत नाहीत ही त्यांची कायमची तक्रार, म्हणून या खेपेला मराठी सबटायटल मी लिहिते आहे. चित्रपट 'कासाब्लांका', १९४२चा. बाकी सगळं लिहून झालं, एका ओळीपाशी पंधरा दिवस अडले आहे. कॅफे चालवणारा रिक त्याच्या प्रेयसीला, इल्साला म्हणतो, "हिअर्ज लुकिंग ॲट यू, किड." शब्दशः 'हे तुझ्याकडे बघत', आणि 'किड' म्हणजे पोर.

मी लिहिलं होतं, "तुझ्यासाठी, पोरी." मसुदा वाचून तिथले एक काका म्हणाले, "पोरी म्हणजे बापानं लेकीला. प्रेयसीला कोण पोरी म्हणतं?" मला ते पटेना. आमचे साताऱ्याचे आजोबा आजीला शेवटपर्यंत 'पोरी' म्हणायचे. लग्न होऊन घरात आली तेव्हा ती चौदा वर्षांची होती, आणि पंच्याहत्तरीतही "पोरी, चष्मा कुठं ठेवलास गं?" असंच चालायचं. त्यात बापपण कधीच वाटलं नाही.

अडचण एवढीच नाही. ओळ चार वेळा येते. पॅरिसमध्ये त्यांच्या हातात शॅम्पेनचे पेले आहेत, तेव्हा ती पिण्याआधी म्हणायची ओळ आहे. शेवटी विमानतळावर हातात काही नाही, तो नुसती तिची हनुवटी वर करतो. शब्द मात्र तेच. म्हणजे मराठीतही चारही ठिकाणी तेच शब्द चालले पाहिजेत, आणि पडद्यावर वेळ जेमतेम दोन सेकंद. सुचवा.

पंचगंगा_अण्णा
पोरी शंभर टक्के बरोबर. आमच्या कोल्हापूर भागात हा शब्द लेकीला, सुनेला, बायकोला, शेजारणीला, सगळ्यांना चालतो. कोण कुणाला कुठल्या आवाजात म्हणतंय त्यावर अर्थ ठरतो. पुण्या-मुंबईला तो खटकत असेल तर खटकू दे. पेला उचलतानाच्या भागासाठी 'चांगभलं' घ्या: "चांगभलं, पोरी." शुभ चिंतणारा आपला शब्द आहे आणि दोन सेकंदांत बसतो.

शब्दवेल्हाळ
अण्णा, 'चांगभलं' नको. तो जोतिबाचा गजर आहे. चैत्रातल्या यात्रेत गुलालाच्या धुरळ्यात सासनकाठी नाचताना ज्यांनी तो दिला आहे, त्यांना तो मद्याच्या पेल्यावर बघवणार नाही. माझ्या आईला तर नाहीच. ग्रामीण बोलीत त्याचा साधा अर्थ 'भलं होवो' असाच आहे हे मान्य, पण गजर झालेला शब्द पुन्हा साधा होत नाही.

आणि बकुळताई, 'सबटायटल' का? 'उपशीर्षक' हा शब्द आहे ना आपल्याकडे. रिकसाठी 'प्रिये' घ्या. प्रमाण मराठीत प्रेयसीला हाक मारायचा तोच शब्द आहे.

रीळवाला
बावीस वर्षं डबिंगच्या खोलीत काढली आहेत, म्हणून कळकळीनं सांगतो: 'प्रिये' आलं की प्रेक्षक हसतो. नाटकाच्या पदात ते शोभतं, कॅफे चालवणाऱ्या, सिगारेट ओढणाऱ्या माणसाच्या तोंडी नाही. 'उपशीर्षक' म्हणजे मथळ्याखालचा छोटा मथळा. संवादाच्या पट्टीला तो शब्द कामावरचं कुणीही वापरत नाही.

किडबद्दल. त्या काळच्या अमेरिकन बोलण्यात तो बरोबरीच्या माणसालाही चालायचा, दोस्ताला म्हणावा तसा. वय दाखवणं हा त्यातला एक भाग झाला. चित्रीकरणाच्या वेळी रिक झालेला बोगार्ट ४२ वर्षांचा होता, इल्सा झालेली बर्गमन २६ची, त्यामुळे तोही भाग जुळतो. पण 'मी तुला सांभाळून घेईन'पेक्षा 'तू माझ्या गोटातली' हे त्यात जास्त आहे. 'पोरी'त ते येतं का, याबद्दल माझ्या मनात शंका आहे.

म्युनिकची_मीरा
इथे जर्मनीत ही ओळ लहान मुलांनासुद्धा पाठ असते: "इश झे दिअर इन दी आउगेन, क्लाइनेस." म्हणजे 'मी तुझ्या डोळ्यांत बघतो, छोटे.' पिण्याचा भाग त्यांनी सोडून दिला आणि फक्त बघणं ठेवलं. त्यामुळे विमानतळावरही अडत नाही. (जर्मन भाषांतराच्या फार मोहात पडू नका. १९५२मध्ये इथे जो डब केलेला चित्रपट लागला, त्यातून नाझीच काढून टाकले होते. जवळपास पंचवीस मिनिटं कापली आणि इल्साच्या नवऱ्याला, लाझलोला, भूमिगत नेत्याऐवजी पदार्थवैज्ञानिक केलं. तो नीट पुन्हा डब व्हायला १९७५ उजाडलं.)

मला गंमत वाटते ती 'क्लाइनेस'ची. तो नपुंसकलिंगी आहे. बाईला 'ते' म्हटलंय, आणि त्यातच लाड आहे.

कुडाळकरीण
मीराताई, ह्यात नवल कसलं! आमच्या मालवणीत चेडू नपुंसकलिंगीच. 'ती मुलगी आली' नाही, 'ता चेडू इला'. गोव्यात 'तें चेडूं'. लग्नाआधीची पोर घरात 'ता' असते. माझी आजी मला आजही 'ता' म्हणते, आणि मला दोन मुलगे आहेत. हे हिणवणं नाही. तिच्या लेखी मी अजून तिच्याच घरची आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा लिंगाच्या वाटेनं शोधा. लेकरू, बाळ, पाडस, कोकरू, पिल्लू: आपले लाडाचे कितीतरी शब्द 'ते'मध्येच आहेत.

शब्दवेल्हाळ
हे आवडलं. आणि 'किड'चा मूळ अर्थ तरी काय? शेळीचं पिल्लू, म्हणजे आपलं करडू. तेही नपुंसकलिंगी! शेळीच्या पिल्लावरून इंग्रजांनी पोराला किड म्हटलं, मेंढीच्या पिल्लावरून आपण 'माझं कोकरू' म्हटलं. एकाच गोठ्यातले शब्द आहेत. मग 'कोकरा' का नको?

पंचगंगा_अण्णा
कारण कोकरू अंगाईत असतं. आणि त्याला काही दिवसांनी कापतात हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत आहे. विमानतळावर बाईला सोडताना 'कोकरा' म्हटलेलं मला सहन होणार नाही.

शब्दवेल्हाळ
मग लेखकाला काय म्हणायचं होतं तिकडे वळू. मूळ पटकथाकार कोण? त्यानं किड कुठल्या अर्थानं लिहिलं?

रीळवाला
इथेच तर घोळ आहे. 'तो' असा एक पटकथाकार नाहीच.

मरे बर्नेट आणि जोन ॲलिसन यांचं रंगभूमीवर न आलेलं नाटक होतं, 'एव्हरीबडी कम्स टू रिक्स'. वॉर्नर ब्रदर्सनं ते २०,००० डॉलरला घेतलं. त्यावर ज्युलियस आणि फिलिप एपस्टाइन हे जुळे भाऊ बसले. चुरचुरीत, टोमणेबाज संवादात दोघांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मध्येच ते दिग्दर्शक फ्रँक काप्राच्या युद्धपटांसाठी वॉशिंग्टनला गेले, तेव्हा हॉवर्ड कॉखकडे काम आलं. राजकारणाची बाजू त्यानं भक्कम केली. भाऊ परतले. शिवाय प्रेमाचे प्रसंग पक्के करायला केसी रॉबिन्सन, पण त्याचं नाव श्रेयनामावलीत नाही. एपस्टाइन बंधू आणि कॉख यांना १९४४च्या समारंभात ऑस्कर मिळालं. शेवटचं 'सुंदर मैत्रीची सुरुवात'वालं वाक्य तर निर्माता हाल वॉलिसचं. चित्रीकरण संपल्यावर बोगार्टला परत बोलावून ते त्याच्या आवाजात भरलं.

आणि किडची ओळ? मधल्या वेळात बर्गमनला पोकर शिकवताना बोगार्ट ती म्हणायचा, तिथून ती पडद्यावर गेली असं सांगतात. तसं असेल तर ती लिहिणाऱ्याची नव्हेच, बोलणाऱ्याची.

म्हणून एपस्टाइनना 'पटकथाकार' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. आपल्याकडे कथा, पटकथा, संवाद अशी तीन श्रेयं वेगळी येतात. प्रसंगांचा क्रम लावणारा निराळा, शब्द घालणारा निराळा. 'स्क्रीनप्ले'त हे दोन्ही येतं. 'पटकथा' म्हटलं की त्यातला संवाद गळून पडतो, आणि ह्या माणसांची सगळी कमाई संवादात आहे.

शब्दवेल्हाळ
म्हणून काय 'स्क्रीनप्ले' लिहायचं? 'पट' हा आपला जुना शब्द आहे. संस्कृतात चित्रपट म्हणजे रंगवलेलं कापड, सिनेमा जन्मायच्या कितीतरी आधीपासून. चित्रं समोर धरून कथा सांगणं आणि बोलणं एकाच माणसाचं काम होतं. पटकथेतून संवाद गळला तो आपल्या श्रेयनामावलीमुळे. शब्दाचा त्यात दोष नाही.

कुडाळकरीण
ह्याला मी साक्ष देते. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाचे चित्रकथी आहेत. लहानपणी बघितलेलं अजून डोळ्यांसमोर आहे: मांडीवर चित्रांची पोथी, एकेक चित्र उलटत जायचं आणि सीतेचं रडणं, रावणाचं गरजणं सगळं त्याच तोंडून. पटावरची कथा आणि संवाद वेगळे कसे करणार?

बकुळ_ठाणे
वाचते आहे सगळं, मन लावून. पण शनिवारी खेळ आहे हो. आणि काल आणखी एक गाठ निघाली.

इल्सा आणि तिचा नवरा लाझलो रिकच्या कॅफेत बसलेत. किती दिवसांनी भेटतोय असं बोलणं निघतं. नवऱ्यादेखत रिक म्हणतो की जर्मन पॅरिसमध्ये शिरले त्या दिवशीचं सगळं आठवतं: जर्मन करड्या कपड्यात होते, तू निळ्या. इंग्रजीत नुसतं 'यू' आहे. मराठीत मी 'तू' लिहिलं तर त्या क्षणी नवऱ्याला सगळं कळतं. 'तुम्ही' लिहिलं तर वाक्यातला जीव जातो. इल्सा नवऱ्याला 'अहो' म्हणेल आणि रिकला 'तू', असं मी धरून चालले होते. १९४२च्या मराठीत तेच बसतं. पण मग पहिल्या भेटीतच त्रिकोण उघडा पडतो, आणि चित्रपट तर तो अर्धा वेळ झाकून ठेवतो.

म्युनिकची_मीरा
नाही बकुळताई, कपड्यांचा रंग आठवणारा माणूस आधीच उघडा पडलाय. लाझलो मूर्ख नाही. 'तू'च ठेवा.

हाच पेच कॉखच्या 'लेटर फ्रॉम ॲन अननोन वुमन'मध्ये (१९४८) येईल. आयुष्यभर जिला एका माणसानं ओळखलंच नाही ती बाई त्याला पत्र लिहिते. मराठीत तिनं 'तुम्ही' लिहायचं की 'तू'? श्टेफान त्स्वाइगच्या मूळ जर्मन कथेत पत्राच्या पहिल्याच ओळीत 'दू' आहे, म्हणजे 'तू'. तो तिला ओळखत नाही आणि ती त्याला एकेरीत बोलावते. त्या एका सर्वनामानं मला पहिल्या वाचनात रडवलं होतं.

सदाफुली_नागपूर
मी इथे नवीन, पण केसी रॉबिन्सनचं नाव आलं म्हणून लिहिते. त्याच वर्षीचा 'नाऊ, व्हॉयेजर' त्यानं लिहिला, ऑलिव्ह हिगिन्स प्राउटी यांच्या कादंबरीवरून. त्यात पॉल हेनराइडच आहे, कासाब्लांकातला लाझलो. दोन सिगारेटी ओठांत धरून एकदम पेटवतो आणि एक बेटी डेव्हिसला देतो. शेवटी ती म्हणते, चंद्र कशाला मागायचा, आपल्याकडे तारे आहेत. मी एकदा एका लेखात "आपल्याला चांदणं आहे" असं लिहिलं आणि मैत्रिणीनं चूक काढली: चांदणं म्हणजे चंद्राचा उजेड. तोच मागायचा नाही म्हणतेय ना ती! चांदणी म्हणजे तारा, चांदणं म्हणजे चंद्रप्रकाश, दोन्ही चंद्राच्याच घरचे. आमची आई मात्र अमावस्येलाही 'काय चांदणं पडलंय' म्हणायची, ताऱ्यांनी भरलेल्या आभाळाला. तुमच्याकडे म्हणतात का असं?

पंचगंगा_अण्णा
म्हणतात. 'टिपूर चांदणं' पुनवेचं, आणि नुसतं 'चांदणं' ताऱ्यांचंसुद्धा. तुमची ओळ बरोबर होती. मैत्रिणीला सांगा.

शब्दवेल्हाळ
बोलीत असेल. लिहिताना 'तारे' किंवा 'चांदण्या'. छापलेल्या पानावर आवाज नसतो, तिथे शब्दानंच स्पष्ट असावं लागतं.

पंचगंगा_अण्णा
मग पोरीलाही तुम्ही हेच म्हणणार. ज्या शब्दाला आवाज लागतो तो लिहायचाच नाही असं ठरवलं, तर पानावर उरेल काय? बकुळताईंच्या आजोबांची पोरी मी आत्ता नुसती वाचली, आवाज न ऐकता. कळली मला.

रीळवाला
अण्णा, ह्याला माझ्याकडे उत्तर नाही.

एक ध्यानात घ्या. १९३४पासून हॉलिवूडवर सेन्सॉरची आचारसंहिता कडक लागू होती. लग्न झालेल्या बाईचं दुसऱ्याशी काय नातं होतं हे दाखवता येत नव्हतं, आणि ती संहिता राबवणाऱ्या ब्रीनच्या कार्यालयानं ह्याच मुद्द्यावर कासाब्लांकाच्या संहितेला हरकत घेतली होती. मग पॅरिसचे ते दिवस कशात ठेवायचे? गाण्यात, निळ्या कपड्यात आणि ह्या किडमध्ये. त्याचं मराठी करताना तेवढं वजन पेललं पाहिजे.

कुडाळकरीण
काल रात्री आजीला फोनवर विमानतळाचा प्रसंग दाखवला. आवाज बंद करून. तिला इंग्रजी येत नाही, चित्रपटाचं नावही माहीत नाही. धुकं, टोपी, तो हनुवटी वर करतो ते, सगळं तिनं नीट बघितलं. म्हटलं, आजी, काय म्हणत असेल हा? तिला जरासुद्धा विचार करावा लागला नाही.

"संबाळून जा गो बाय, म्हणता तो."

बकुळ_ठाणे
'गो बाय'. किती वेळ बघते आहे ह्या दोन शब्दांकडे.

रीळवाला
विमानतळाला याहून चांगलं सापडणार नाही. पण ताई, पॅरिसमध्ये काय कराल? तिथे पेले हातात आहेत, जर्मन अजून यायचेत, आणि कुणीच कुठे निघालेलं नाही.