संयमाआधी भरवसा

'संयम जन्मजातच असतो, नसेल तर कितीही आकडे मोजा, उपयोग नाही' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. आकडे मोजून वेळ फार तर निभावते, तेवढं मान्य. पण जन्मजात? मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा स्टॅनफर्ड विद्यापीठातला, लहान मुलांसमोर मार्शमेलो (एक मऊ गोड खाऊ) ठेवण्याचा प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असतो: आत्ता हवं तर एक, थांबलास तर दोन. २०१३ साली रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याआधी एक पायरी घातली. 'चित्रांसाठी छान साहित्य आणून देतो' असं मुलांना सांगितलं. काहींना ते खरोखर दिलं, काहींकडे मात्र रिकाम्या हाताने परत आले. मग मार्शमेलो पुढे ठेवला. शब्द पाळला गेलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसवली गेलेली जेमतेम ३. मुलं मोजकीच होती, तरी फरक केवढा!

माझी बहीण तिच्या मुलाला 'थांब, आलेच' म्हणायची तेव्हा तो रडून घर डोक्यावर घ्यायचा. आता ती 'एवढे कपडे घडी करून झाले की येते' म्हणते, आणि झाले की खरंच उठते. तो ढिगाऱ्याशी उभा राहून शेवटच्या मोज्यापर्यंत नजर ठेवतो, कुरकुरतो, पण थांबतो. त्यामुळे ज्यांना घरातल्यांच्या उतावीळपणाचा त्रास होतो, त्यांनी आधी आपण दिलेल्या वेळा पाळल्या जातात का ते पाहावं, असं मला मनापासून वाटतं.