व्हेअरइजने दोन एफएफएमपेग दाखवले, चालतोय नक्की कुठला?

रात्रपाळी_बॅश
मंडळी मदत करा, डोकं आउट झालंय. जुना डेस्कटॉप, उबंटू २०.०४. काकांच्या क्लासची लेक्चरं रेकॉर्ड होतात, ती रात्री २ वाजता सुरुवातीच्या पट्टीला आपोआप जोडायची स्क्रिप्ट लिहिलीय, एफएफएमपेग (व्हिडिओवर काम करणारी कमांड) वापरून, मध्ये एक्सफेडचं, म्हणजे एक दृश्य विरघळत दुसरं येतं तसं, ट्रान्झिशन टाकलंय. हाताने चालवली की मस्त चालते आणि क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) चालली की लॉगमध्ये एक्सफेड नावाचा फिल्टरच नाही म्हणून बोंब! एकच मशीन, एकच युजर, एकच स्क्रिप्ट.

व्हेअरइज एफएफएमपेग केलं तर एक /यूएसआर/बिन मध्ये, एक /यूएसआर/लोकल/बिन मध्ये आणि एक मॅन पेज (कमांडीच्या माहितीचं पान) असं आलं. विच केलं तर फक्त लोकलवालं. मग मॅन पेजमध्ये एक्सफेड शोधलं, तिथेही नाही. अरे मग टर्मिनलमध्ये चालतं कसं? विंडोजला प्रोग्राम फाइल्स उघडलं की सगळं एका जागी मिळायचं, इथे एका प्रोग्रामचे तुकडे चार गावांना.

(कमांडी देवनागरीत लिहिल्यात, समजून घ्या)

टक्स_कट्टा
दोन्ही बरोबरच सांगतायत, फक्त दोघांना विचारलेला प्रश्न वेगळा आहे. व्हेअरइज म्हणजे या नावाचं घरात काय काय पडलंय ते, बायनरी (चालणारी फाइल), मॅन पेज, सोर्स असेल तर सोर्स, ठरलेल्या जागा आणि पाथ (कमांडी शोधायच्या फोल्डरांची यादी) दोन्ही बघून. विच फक्त पाथमधल्या फोल्डरांत रांगेने बघतं आणि पहिलं सापडलं की थांबतं. तुझ्या टर्मिनलच्या पाथमध्ये लोकल आधी येतं म्हणून ते. क्रॉनचा पाथ मात्र भिकारी असतो, /यूएसआर/बिन आणि /बिन, संपलं. त्याला लोकल दिसतच नाही.

आता डीपीकेजी -एस (कॅपिटल एस) /यूएसआर/बिन/एफएफएमपेग कर, पॅकेजचं नाव येईल. लोकलवाल्यावर कर, काहीच सापडणार नाही, म्हणजे ते तू स्वतः कुठून तरी आणून ठेवलंयस. बरोबर?

फाइंडवाला
एवढं कशाला, फाइंड / -नेम लावायचं आणि चहा टाकायचा

टक्स_कट्टा
@फाइंडवाला चहा होईल, जेवणही होईल, आणि परमिशन डिनाइडच्या शंभर ओळी फुकट. शिवाय फाइल कुठे आहे ते कळेल, चालणार कुठली ते नाही कळणार. लोकेट झटपट सांगतं पण त्याचा डेटाबेस साधारण दिवसातून एकदा बनतो, आत्ता टाकलेली फाइल हवी असेल तर आधी सुडो अपडेटडीबी.

पाथ_भुललेला
विचपेक्षा टाइप -ए वापरा हो. विच हा बाहेरचा प्रोग्राम, बॅशमधले एलियास (कमांडींची टोपणनावं) आणि फंक्शन त्याला माहीतच नसतात. टाइप शेलचाच आहे त्यामुळे तो खरं सांगतो, आणि -ए दिलं की सगळे उमेदवार क्रमाने. मी एकदा अर्धा दिवस घालवलाय, विच नवीन पत्ता दाखवतंय आणि चालतंय जुनंच, कारण बॅशने जुना पत्ता लक्षात ठेवलेला. नुसत्या टाइपमध्ये (-ए शिवाय) हॅश्ड असं दिसलं असतं. हॅश -आर मारलं की विसरतो.

रात्रपाळी_बॅश
हो हो, मागे कुठल्यातरी ट्युटोरियलवरून स्टॅटिक बिल्ड (सगळं आत असलेली तयार बायनरी) उतरवून कॉपी केलेलं, साफ विसरलो होतो. उबंटूच्या पॅकेजातलं (अ‍ॅप्टवालं) जुनं ४.२ आहे. क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांची फाइल) वर पाथ=$पाथ:/यूएसआर/लोकल/बिन अशी ओळ टाकली. आता नवीनच गंमत, एफएफएमपेग सापडतंय पण एमकेडिर (फोल्डर बनवायची कमांड) सापडत नाही म्हणतोय??

टक्स_कट्टा
😀 सगळे एकदा तरी या खड्ड्यात पडतात. क्रॉनटॅबमध्ये $पाथ उलगडला जात नाही, तो जसाच्या तसा अक्षरं म्हणून घेतला जातो, म्हणजे तू /बिन वगैरे सगळं घालवलंस आणि फक्त लोकल उरलं. पूर्ण यादी हाताने लिही: /यूएसआर/लोकल/बिन:/यूएसआर/बिन:/बिन. नाहीतर स्क्रिप्टमध्येच एफएफएमपेगचा पूर्ण पत्ता दे, मी तेच करतो.

रात्रपाळी_बॅश
पण मी मॅन क्रॉनटॅब वाचलं होतं की! पाथबद्दल यातलं काहीच नव्हतं त्यात.

टक्स_कट्टा
कारण तू १ नंबरचं वाचलंस. व्हेअरइज -एम क्रॉनटॅब करून बघ, दोन मॅन पेजं येतील, एक मॅन१ मध्ये, एक मॅन५ मध्ये. १ म्हणजे कमांड कशी वापरायची, ५ म्हणजे फाइल कशी लिहायची, ८ म्हणजे अ‍ॅडमिनची कामं. नुसतं मॅन क्रॉनटॅब म्हटलं की पहिलं उघडतं आणि माणसाला वाटतं एवढंच आहे. मॅन ५ क्रॉनटॅब उघड, पाथ काय असतो आणि $ का चालत नाही, दोन्ही लिहिलंय. कुठली कुठली पेजं आहेत ते मॅन -एफ ने कळतं, आणि नावच आठवत नसेल तर मॅन -के आणि एखादा शब्द.

पाथ_भुललेला
आणि त्या एक्सफेडचं राहिलंच. स्टॅटिक बिल्डची तू फक्त बायनरी कॉपी केलीस, मॅन पेज अजून अ‍ॅप्टवाल्या ४.२ चंच आहे, आणि एक्सफेड आलं ४.३ मध्ये. म्हणजे प्रोग्राम नवा, पोथी जुनी. मॅन -डब्ल्यू एफएफएमपेग केलंस तर फाइलचा पत्ताच दिसेल. तसंही फिल्टर एफएफएमपेगच्या पेजमध्ये नसतात, एफएफएमपेग-फिल्टर्स नावाचं वेगळं पेज आहे, पण तेही तुझ्याकडे जुनंच असणार. अशा वेळी बायनरीलाच विचारायचं, एफएफएमपेग -एच फिल्टर=एक्सफेड, ती खोटं बोलणार नाही. बाकी पॅकेजातून आलेल्या गोष्टींसाठी /यूएसआर/शेअर/डॉक मध्ये डोकवायची सवय लाव, तिथल्या रीडमी.डेबियनकडे कोणी बघत नाही आणि नेमकं कामाचं तिथेच असतं.

रात्रपाळी_बॅश
झालं! पूर्ण पत्ता दिला स्क्रिप्टमध्ये, काल रात्री २ ला सगळी लेक्चरं जोडली गेली. मॅन ५ पण वाचलं, खरंच सगळं लिहिलंय हो तिथे. सकाळी काकांना दाखवलं तर म्हणे ते मधे विरघळल्यासारखं काय होतंय, काढून टाक.