अनुभव धागा: बेलोरा (अमरावती)–मुंबई, बिरसी (गोंदिया)–हैदराबाद… विमानाने अंतर किती, वेळ किती?

बडनेरा_फाटा: लग्नसराई आली, तोच प्रश्न पुन्हा सुरू. १६ एप्रिल २०२५ ला बेलोऱ्याहून मुंबईचं विमान उडालं, त्याआधी अमरावतीकरांना नागपूरच्या सोनेगाव विमानतळाशिवाय गत नव्हती, ते दिवस आठवले. सरळ रेषेत बेलोरा–मुंबई साधारण ५४० किमी. एटीआर ७२ हे पंख्याचं छोटं विमान ताशी ५०० किमीच्या आसपास जातं, म्हणजे तास-सव्वातास. मग तिकिटावर पावणेदोन तास कसे? तिकिटावरचा वेळ चाकाखालचे ठोकळे काढल्यापासून परत लावेपर्यंतचा असतो. मुंबईतला वळसा, उतरायची रांग, उतरल्यावर जागेवर जाणं, सगळं त्यात धरतात. आपापल्या भागातले आकडे टाका.

वऱ्हाडी_ठेचा: काऊन बावा, नागपूर–मुंबई तं ६८० किमी हाय, तरी दीड तासच?

बडनेरा_फाटा: ते जेट, भौ. वर गेलं की ताशी ८०० च्या पुढे. एटीआर पंख्याचं, वरही हळूच चढतं.

तिरोडा_धान: बिरसी–हैदराबाद सरळ ५१५ किमी. १ डिसेंबर २०२३ ला बिरसीहून हैदराबाद–तिरुपती सेवा सुरू झाली तीही एटीआरनेच. वेळापत्रक बदलत राहतं, तिकीट काढायच्या दिवशीच बघा. पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर हैदराबादला बॅग पट्ट्यावरून उचलून पुन्हा जमा करावी लागते. मध्ये तीन तास ठेवा. एकाच तिकिटावर असेल तर बॅगेची चिठ्ठी शेवटच्या गावाची आहे ना, तेवढं वाचून घ्या. डिसेंबर-जानेवारीत सकाळचं धुकं असतं, त्या दिवशी पुढची जोडणी धरूच नका.

उन्हाळी_मूग: उन्हाळ्याचं कोणी बोललं नाही. ४५ अंशांत हवा विरळ होते, पंखांना उचल कमी आणि इंजिनालाही जोर कमी. उडायला जास्त धाव लागते, आणि बेलोऱ्याची धावपट्टी १८५० मीटर. म्हणून कधी वजन कमी करावं लागतं. मे महिन्यात बॅग हलकीच बरी.

पश्चिमवारा: हिवाळ्यात वर पश्चिमेचा वारा असतो. मुंबईकडे जाताना समोरून, येताना पाठीमागून. एकाच मार्गाचे दोन वेळ दिसतात ते यामुळे. जेट जास्त उंचीवर असल्याने तिथे फरक जास्त.

दर्यापूर_लाईन: घरापासून मोजा न. दर्यापूर ते अमरावती ५० किमी, तिथून बेलोरा १५. दीड तास. काउंटर बहुतेक ठिकाणी ६० मिनिटं आधी बंद, म्हणजे अर्धा तास अजून हाताशी पाहिजे. विमान पावणेदोन, बॅग अर्धा तास, मग मुंबईची गर्दी. सहा-साडेसहा तास सहज. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किमीचा, ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला, पण गाडी चालवणारा थकतो. अमरावती एक्सप्रेस रात्रभरची असली तरी झोपून जाता येतं. विमानाला आठवड्याचे ठराविकच वार, हे तं लोक विसरतातच.

माहेरवाशीण: सुकं खोबरं विमानात चालत नाही, तेलामुळे ते आपोआप तापून पेटू शकतं. पॉवर बँक मात्र हातातल्या पिशवीतच, जमा केलेल्या बॅगेत नाही.

वऱ्हाडी_ठेचा: आन् ठेचा?

माहेरवाशीण: तेल सुटलेला असेल तर घट्ट झाकणाचा डबा, वरून दोन प्लास्टिक, आणि जमा बॅगेतच. सांबारवडी (कोथिंबिरीची वडी) सोबत ठेवा, शेजारचा मागतोच.

वऱ्हाडी_ठेचा: तं चार जास्त बांधा.