एकचाकी सायकल, सुधारलेले साहित्य आणि एका सुभाषिताची ओढाताण

एकचक्रानगरी (धागाकर्ता)

मागील आठवड्यात येथे 'सत्त्वशील' यांनी एकचाकीवर लिहिलेले टिपण अनेकांना आवडले. मला मात्र ते वाचून इतका वैताग आला की प्रतिसादात न मावणारे उत्तर स्वतंत्र धाग्यात लिहीत आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : जुन्या सायकलीचे सुटे भाग जोडून वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेल्या 20 इंची एकचाकीवर, खिशात पाना बाळगून आणि दर दोन दिवसांनी सैल होणारी पेडले आवळत, त्यांनी अकरा महिन्यांत तोल साधला. आता त्यांच्या सोसायटीतील एक मुलगा डिस्क ब्रेक असलेली 36 इंची एकचाकी मागवून दीड महिन्यात नदीकाठाने फिरू लागला आहे, तेव्हा साहित्य सुधारले की साधना संपते. शेवटी शाळेतले सुभाषित : क्रियासिद्धिः सत्त्वे भवति महतां नोपकरणे, म्हणजे थोरांचे काम त्यांच्या सत्त्वावर तडीस जाते, साधनांवर नाही.

माझा पहिला आक्षेप असा की, 36 इंची चाक सोपे असते हे ज्याने ठरवले आहे तो त्यावर चढलेला नाही. साध्या एकचाकीला फ्रीव्हील नसते, चेनही नसते; पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. 20 इंची चाक एका फेऱ्यात साधारण 1.6 मीटर जाते, 36 इंची 2.87 मीटर. मिनिटाला शंभर फेरे मारले तर पहिल्यावर ताशी साडेनऊ किलोमीटरचा वेग मिळतो, दुसऱ्यावर सतरा. वेग वाढला हे खरे, परंतु ते जड चाक एकदा फिरू लागले की थांबता थांबत नाही, थांबले की हलता हलत नाही, आणि आधाराशिवाय त्यावर उडी मारून बसणे हाच मुळी काही आठवड्यांचा अभ्यास आहे. साडेनऊच्या वेगात तोल गेला तर माणूस चार पावले धावून सावरतो. सतराच्या वेगात ती चार पावले बहुतेकांना सापडत नाहीत.

दुसरा आक्षेप ब्रेकविषयी. एकचाकीचा ब्रेक थांबण्यासाठी नसतो. उतारावर चाकाला मागे रेटून धरण्याचा भार गुडघ्यांवर येतो, तो हलका करण्यासाठी असतो, आणि बोटाचा दाब किंचित जास्त झाला तर स्वार थेट पुढे फेकला जातो. म्हणजे ब्रेक आला तेव्हा शिकण्याची आणखी एक गोष्ट आली. अडचण संपली नाही, तिने जागा बदलली.

सत्त्वशील

माझे टिपण आपण इतक्या बारकाईने वाचलेत याबद्दल आभार. अर्थ तेवढा निसटला. '36 इंची सोपे असते' हे वाक्य मी कोठेही लिहिलेले नाही. मी समाधानाविषयी लिहिले होते. पैसे मोजून विकत घेतलेल्या वेगाला आणि नडगीचे सालपट काढून मिळवलेल्या तोलाला एकाच तराजूत घालता येत नाही. उद्या ग्रहचक्री गियरचा हब, म्हणजे गियर पोटात असलेला चाकाचा तुंबा, येईल, मग त्यालाही आपण 'नवी अडचण' म्हणाल.

उत्तरकिनारा

तो हब उद्या येणार नाही. तो येऊन बरीच वर्षे झाली. स्वित्झर्लंडच्या फ्लोरियन श्लुम्फ यांच्या हबमध्ये दोन गती असतात : एक सरळ आणि दुसरी साधारण 1.55 पट. दुसऱ्या गतीत 36 इंची चाक जवळजवळ 56 इंचीसारखे वागते. गियर बदलण्यासाठी क्रँक (पेडलचा दांडा) जेथे आसाला जोडलेली असते तेथले बटण चालत्या चाकावर टाचेने दाबावे लागते. त्या क्षणी पायाखालचा जोर एकदम बदलतो, हबमधली किंचितशी ढिलाई तोलात जाणवते, आणि वेग ताशी पंचवीसच्या घरात असतो. मी व्हँकुव्हरला राहतो आणि हा हब तीन वर्षे वापरतो. पहिल्या महिन्यात जितका पडलो तितका शिकाऊ असतानाही पडलो नव्हतो. यालाच आपण विकत घेतलेले समाधान म्हणत असाल तर पावती दाखवतो, कोपरावर आहे.

याच शहरातले क्रिस होल्म 1990 च्या दशकाच्या अखेरीस डोंगरातल्या एकचाकीसाठी मजबूत भाग तयार करण्याकडे वळले. त्यापूर्वीचा चौकोनी टोकाचा आस उंचावरून उडी मारली की वाकायचा आणि क्रँक सैल व्हायची. दातेरी आस आला तेव्हा त्या उड्या रोज करता येऊ लागल्या. मोडक्या आसामुळे कोणाचे सत्त्व वाढल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

मिरजवाली

या चर्चेत मला एका गोष्टीचा राग येतो, तो आधी बोलून घेते. माझे आजोबा सर्कशीत सायकलवाले होते. ज्या सांगली जिल्ह्याने भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे दिले, तेथे हे काही नवल नव्हते. उंच एकचाकीची चेन सुटून ते दोनदा रिंगणात पडले आणि दुसऱ्या खेपेला मनगट कायमचे वाकडे झाले. तुम्ही ज्याला साधना म्हणता, ती त्यांच्यासाठी मालकाची काटकसर होती. चांगले टायर, चांगले छर्रे मिळावेत म्हणून ते आयुष्यभर कुरकुरत राहिले. वाईट साहित्याचे गोडवे गाणे हा ज्यांचे पोट त्या चाकावर नाही त्यांचा शौक आहे.

सत्त्वशील

आपल्या आजोबांविषयी मला आदर आहे. परंतु हौशी माणसाच्या धडपडीला मालकाच्या काटकसरीची तुलना लावणे अन्यायाचे आहे. मी कोणालाही मोडकी सायकल घेण्याची सक्ती केलेली नाही. सुभाषितात जे सांगितले आहे तेवढेच मी सांगितले.

निवृत्त मास्तर

सुभाषितात ते सांगितलेले नाही. मी एकतीस वर्षे संस्कृत शिकवले आहे, म्हणून हे नाइलाजाने लिहावे लागते. सूर्याच्या रथाला एकच चाक, घोड्यांना सापांचे लगाम, वाट निराधार आणि सारथी पांगळा. तरीही तो रोज आकाश पार करतो, असा तो श्लोक आहे. साहित्य अपुरे असतानाही थोरांचे काम अडत नाही, एवढाच त्याचा आशय. साहित्य मुद्दाम अपुरे ठेवावे असा विधी त्यात कोठे आहे? सूर्याने दुसरे चाक स्वतःच्या हाताने काढून ठेवलेले नाही.

एकचक्रानगरी

मास्तर, घोडे सात होते हे तुम्ही गाळलेत. एका चाकाला सात घोडे ही चैन श्लुम्फच्या हबलाही जमलेली नाही.

सत्त्वशील

ते घोडे म्हणजे गायत्री वगैरे सात छंद आहेत, यंत्रे नव्हेत. पुराणे न वाचता विनोद करू नयेत.

निवृत्त मास्तर

छंद हा अर्थ विष्णुपुराणाचा आहे. या श्लोकाच्या कर्त्याला येथे आवरण्यास कठीण असे खरे घोडेच हवे आहेत, अन्यथा सापांच्या लगामांना काही अर्थ उरत नाही. प्रत्येक श्लोकावर प्रत्येक पुराण लादण्याची ही सवय मी वर्गातही सोडवू शकलो नाही.

सत्त्वशील

मी आपला विद्यार्थी नाही.

मिरजवाली

छंदच म्हणायचे तर एकचाकी हाही छंदच आहे. आता घोडे तबेल्यात बांधा आणि सायकलीवर या.

उत्तरकिनारा

सायकलीवरच येतो. ज्या लोकांनी या प्रश्नाला नियमांचे उत्तर दिले त्यांचा येथे कोणीच उल्लेख केला नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत धावपट्टीवरच्या 24 इंची गटात टायरचा व्यास 618 मिलिमीटरहून अधिक आणि क्रँक 125 मिलिमीटरहून आखूड चालत नाही. क्रँक आखूड केली की पाय भराभर फिरतात, वेग वाढतो, पण चाकावरचा ताबा कमी होतो. म्हणून ही मर्यादा. लांब पल्ल्यासाठी वेगळा खुला गट असतो, त्यात चाक, क्रँक, गियर काहीही चालते. दोन्ही गटांतले लोक एकमेकांना साधनाभ्रष्ट म्हणत नाहीत. एड प्रॅट हा इंग्लंडचा तरुण 2015 ते 2018 या काळात सामान लादून 36 इंचीवर पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. त्याने ती 20 इंचीवर केली असती तर समाधान जवळजवळ दुप्पट झाले असते, असा हिशेब मांडायचा आहे काय?

सत्त्वशील

नाही. प्रॅटविषयी माझे काही म्हणणे नाही, आणि स्पर्धकांच्या गटांची कल्पना मला मान्य आहे. परंतु आमच्या सोसायटीतल्या मुलाला आस म्हणजे काय हे ठाऊक नाही. मी माझ्या एकचाकीचा प्रत्येक आटा ओळखतो, कारण तो मी शेकडो वेळा आवळला आहे. ही ओळख विकत मिळत नाही.

वेल्हेकर

मी सायकलदुरुस्तीचे दुकान चालवतो आणि सुभाषितात मला गती नाही. एक साधा प्रश्न आहे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते पाय पुढे मारताना पेडल आपोआप घट्ट राहावे म्हणून. एकचाकी मागे-पुढे सारखीच दिसते. आपली सीट केळ्यासारखी दोन्ही टोकांना वर वळलेली आहे काय? तसे असेल तर आपण तिच्यावर उलट्या बाजूने बसत आहात. डावे पेडल उजव्या पायाखाली येत आहे आणि प्रत्येक फेऱ्याला दोन्ही पेडले थोडी थोडी उकलत आहेत. क्रँकवर डावे-उजवे कोरलेले असते, ते पाहावे.

एकचक्रानगरी

म्हणजे अकरा महिन्यांची साधना उलटी बसून झाली!

मिरजवाली

हसू नका. उलट्या बाजूने, सैल पेडलांवर तोल साधला असेल तर ते काम आपल्या सर्वांहून कठीण होते. हे मी उपरोधाने लिहीत नाही; थोडेसे लिहीत आहे.

सत्त्वशील

वेल्हेकर, सीट तशीच आहे आणि उजव्या पायाखाली 'एल' कोरलेले निघाले. परवा एकचाकी फिरवून बसलो. पेडले अद्याप सैल झालेली नाहीत. तोल मात्र पूर्ण बिघडला आहे, कारण सीट माझ्या शरीराला ज्या बाजूने सवयीची झाली होती ती बाजू आता पाठीमागे गेली. काल भिंत धरून सुरुवात केली. सोसायटीतला तो मुलगा खांदा द्यायला आला होता. त्याच्या 36 इंचीवर चढून पाहण्याचे त्याने दोनदा सुचवले. मी नको म्हटले आहे, आणि मूळ टिपणातील एकही वाक्य मागे घेतलेले नाही.

निवृत्त मास्तर

सुभाषिताचे तेवढे मागे घ्यावे.