एलईडी जातो तो ड्रायव्हरमुळे
एकानं विचारलंय, की खोक्यावर २५००० तास लिहिलेला एलईडी बल्ब दोन वर्षांत कसा काय गेला, तर बहुतेक वेळा चिप, म्हणजे उजेड देणारा भाग, शाबूत असते, जातो तो आतला ड्रायव्हर, म्हणजे २३० व्होल्टच्या एसीचा डीसी करणारं छोटं सर्किट. त्यात इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग, असतो आणि त्याला उष्णता अजिबात सोसत नाही, तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं. म्हणून बंद काचेच्या गोळ्यात साधा एलईडी लावू नका. आमच्या जिन्यातला सारखा जायचा, झाकण काढलं तेव्हापासून टिकलाय.

आणि २५००० तास म्हणजे बहुधा प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर यायला लागणारा वेळ, बंद पडायचा नव्हे.

सीएफएल, म्हणजे वळलेल्या नळीचा दिवा, ६ ते १० हजार तास, पण सारखं चालू-बंद केलं की लवकर जातो, बाथरूमला तो नकोच.

जुना पिवळा बल्ब १००० तास. १९२४ मध्ये जिनिव्हात मोठ्या कंपन्यांनी फीबस नावाचं कार्टेल, म्हणजे आपसांत संगनमत करणारा गट, करून हा आकडा ठरवला आणि ज्यांचे बल्ब जास्त टिकले त्यांना चक्क दंड लावला, हे वाचून मला खरंच राग आला होता. अर्थात बल्बमधली तार जास्त टिकवायची तर ती कमी तापवावी लागते आणि मग उजेडही कमी मिळतो, कॅलिफोर्नियात लिव्हरमोरच्या फायर स्टेशनमध्ये १९०१ पासूनचा बल्ब आहे पण उजेड नाइट लॅम्पएवढाच.