शब्दचर्चा: ‘बहुवर्णी व्यतिकरण’ म्हणावे काय?

प्रश्न

प्रकाशकीच्या एका सॉफ्टवेअरची मार्गदर्शिका पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी मराठीत लिहीत आहे. हे सॉफ्टवेअर प्रकाश किरणांच्या रूपाने हाताळते आणि डिटेक्टरवर पोचलेल्या किरणांवरून व्यतिकरणाचे (इंग्रजीत ‘इंटरफिअरन्स’) पट्टेही काढून दाखवते. एकाच वेळी अनेक तरंगलांबी घेऊन केलेल्या अशा सिम्युलेशनला मी ‘बहुवर्णी व्यतिकरण’ म्हटले आहे. त्यावर एका सहकाऱ्यांचा आक्षेप असा की, वेगवेगळ्या रंगांचे एकमेकांशी व्यतिकरण होते असा त्यातून समज होईल. दुसऱ्यांनी ‘हस्तक्षेप’ हा सोपा शब्द सुचवला आहे. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर

‘हस्तक्षेप’ येथे चालणार नाही. त्यात कोणीतरी दुसऱ्याच्या कामात हात घालतो, असा भाव आहे. रेडिओवर खरखर येते तेव्हा ‘व्यत्यय’ शोभतो, कारण तेथे नको असलेले काहीतरी मध्ये येते. ‘व्यतिकर’ या संस्कृत शब्दात मात्र परस्पर मिसळण्याचा अर्थ आहे आणि दोन तरंग एकत्र येऊन कोठे प्रकाश, तर कोठे अंधार होतो, या घटनेत कोणीच उपरा नसतो. पाठ्यपुस्तकांत ‘व्यतिकरण’ पक्का रुजला आहे, तो बदलू नये.

सहकाऱ्यांचा आक्षेप मात्र मला पूर्णपणे मान्य आहे, आणि तो केवळ शब्दापुरता नाही. किरणाधारित सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक किरणाबरोबर त्याची दिशा आणि शक्ती तर असतेच, शिवाय त्याने कापलेली प्रकाशीय पथलांबी, म्हणजे प्रत्येक माध्यमातील अंतर गुणिले त्या माध्यमाचा अपवर्तनांक यांची बेरीज, हीही नोंदलेली असते. या पथलांबीला निर्वातातील तरंगलांबीने भागले की किरणाची कला (फेज), म्हणजे तरंग आपल्या आवर्तनात कोठवर आला आहे ते, मिळते. डिटेक्टरच्या एकाच चौकटीत पडलेल्या, एकाच तरंगलांबीच्या आणि कलासंबद्ध (ज्यांच्या कलांतील फरक कायम राहतो अशा) किरणांचे आयाम, म्हणजे तरंगांची उंची, कलेसह मिळवायचे आणि त्या बेरजेचा वर्ग करायचा. ती झाली तीव्रता. तरंगलांबी वेगळी असेल तर आधी प्रत्येकीची तीव्रता स्वतंत्रपणे काढायची आणि मग नुसत्या तीव्रतांची बेरीज करायची. हा क्रम चुकला तर काय होते ते पाहा: दुहेरी फटीच्या एका फटीतून केवळ लाल आणि दुसरीतून केवळ हिरवा प्रकाश सोडला, तर खऱ्या पडद्यावर त्या दोहोंमुळे एकही पट्टा उमटत नाही, पण सर्व आयाम सरसकट मिळवणारे सॉफ्टवेअर तेथे सुरेख, ठळक आणि निखालस खोटे पट्टे दाखवील.

म्हणून ‘बहुवर्णी व्यतिकरण’ऐवजी ‘बहुवर्णी प्रकाशाचे व्यतिकरण’ असे लिहावे, असे मला वाटते. विशेषण प्रकाशाला लागले की व्यतिकरण ज्या त्या रंगाचे आपापसात होते, हा अर्थ शाबूत राहतो.

प्रतिप्रश्न

मग भिन्न तरंगलांबींचे व्यतिकरण ‘होत नाही’ असे ठामपणे लिहावे काय? सोडियमच्या दिव्याच्या पट्ट्यांची स्पष्टता कमीजास्त होते, ती दोन तरंगलांबींमुळेच ना?

उत्तर

‘टिकाऊ पट्टे देत नाही’ असे लिहिणे अधिक काटेकोर होईल. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या आहेत. त्यांच्या वारंवारतांतला फरक सेकंदाला सुमारे ५०० अब्ज आंदोलने इतका पडतो. त्या वेगाने सरकणारे पट्टे डोळ्याला काय किंवा साध्या कॅमेऱ्याला काय, टिपताच येत नाहीत. सरासरीत ते पुसले जातात.

आपण म्हणता तो परिणाम दोन तीव्रतांच्या बेरजेतूनच येतो. पथांतर, म्हणजे एकत्र येणाऱ्या दोन तरंगांच्या पथलांबींतला फरक, शून्याजवळ असताना दोन्ही रेषांचे पट्टे एकमेकांवर बसतात. पथांतर सुमारे ०.२९ मिलिमीटर झाले की एकीचा तेजस्वी पट्टा दुसरीच्या काळ्या पट्ट्यावर येतो आणि सगळे फिके पडते, ०.५८ मिलिमीटरला पट्टे पुन्हा ठळक होतात. मायकेलसनच्या व्यतिकरणमापकात प्रकाश दोन वाटांनी आरशांवर जाऊन परत एकत्र येतो, म्हणून त्यात आरसा निम्माच, म्हणजे सुमारे ०.२९ मिलिमीटर, सरकवला की हे एक आवर्तन पुरे होते. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फिझो यांनी १८६२ मध्ये न्यूटनच्या कड्यांत (भिंग आणि सपाट काच यांमधील हवेच्या थरामुळे दिसणाऱ्या वर्तुळाकार पट्ट्यांत) हेच पाहिले होते: ४९० व्या कड्याच्या सुमारास कडी नाहीशी होतात आणि ९८० व्याच्या सुमारास परत दिसू लागतात. सॉफ्टवेअरची परीक्षा घेण्यासाठी मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही. दोन्ही रेषांची शक्ती सारखी धरली असता बरोबर त्या पथांतराला पट्टे नाहीसे झाले नाहीत, तर बेरीज चुकीच्या ठिकाणी झाली आहे असे समजावे.

पांढऱ्या प्रकाशात हीच गोष्ट टोकाला जाते. एक मीटरवरच्या पडद्यावर, अर्धा मिलिमीटर अंतरावरच्या दोन फटींमुळे ४५० नॅनोमीटरचे पट्टे ०.९ मिलिमीटर अंतराने पडतात, तर ६५० चे १.३ मिलिमीटर अंतराने. त्यामुळे मधला पट्टा पांढरा राहतो आणि बाजूचे थोड्याच अंतरात रंगांत विरघळतात.

पुरवणी

वाटेत काच असेल तर मार्गदर्शिकेत आणखी एक वाक्य घालावे. बीके७ या भिंगांसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या काचेचा अपवर्तनांक ४८६.१ नॅनोमीटरला १.५२२४, तर ६५६.३ ला १.५१४३ आहे. एका रंगासाठी काढलेला किरणमार्ग दुसऱ्याला उसना देता येत नाही. प्रत्येक तरंगलांबीसाठी किरण नव्याने सोडावे लागतात. मेन्यूतील पर्यायांना ‘कलासंबद्ध बेरीज’ आणि ‘तरंगलांबीनिहाय तीव्रतांची बेरीज’ अशी नावे दिली, तर कोणत्या टप्प्यावर काय मिळवले जाते ते विद्यार्थ्याला तेथेच वाचता येईल.