मदत हवी आहे: समुद्राजवळचं ऑफिस, पश्चिमेला पूर्ण काच चालेल का?

खारीहवा:
रत्नागिरीजवळ तळमजला + ३ मजल्यांच्या ऑफिसचं डिझाइन चालू आहे. प्लॉट भरतीरेषेपासून साधारण १५० मीटरवर. मालकांना समुद्राकडची अख्खी बाजू काचेची हवी. ठेकेदाराने एम२५ (ताकदीची प्रत) काँक्रीट, २५ मिमी कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) आणि ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे कठडे धरलेत. टिकेल का? आणि एसीची आउटडोअर युनिट्स कुठे ठेवावीत?

सळई:
आधी सीआरझेडच्या (किनारपट्टी नियमन क्षेत्र) नकाशावर प्लॉटचा वर्ग बघा. ३-ब (कमी लोकवस्तीचा ग्रामीण भाग) मध्ये असेल तर २०० मीटरपर्यंत बांधकामबंदी, मग पुढची चर्चाच नको.

एम२५ विसरा. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) नुसार किनाऱ्यालगतच्या हवेला किमान एम३० आणि ४५ मिमी कव्हर. थेट तुषार येत असतील तर एम३५ आणि ५० मिमी. दोन्हीकडे पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५ च्या वर नको. तुमच्या अंतरावर, पावसाळ्यातला वारा धरून, मी यातला दुसरा पर्याय, म्हणजे एम३५ आणि ५० मिमी, घेईन. क्षार सळईपर्यंत पोचले की गंज फुगतो आणि कव्हर आतून फोडतो, वरून प्लास्टर करून ते थांबत नाही. स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीची मळी मिसळलेलं) घ्या, पण क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) किमान १० दिवस, १४ केलंत तर उत्तम. कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून दूर ठेवणारे ठोकळे) त्याच प्रतीच्या काँक्रीटचे. खडीचे तुकडे लावू देऊ नका. विहिरीचं पाणी वापरणार असाल तर तपासा: आरसीसीसाठी क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं.

कठडे ३१६ चे. ३०४ वर तपकिरी डाग हमखास येतात.

तावदान:
पश्चिमेला नुसता छज्जा निरुपयोगी. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर उतरला की ६० सेमी छज्जाची सावली जेमतेम ३५ सेमी पडते. ईसीबीसी २०१७ (इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन संहिता) लागू होत असेल (१०० किलोवॅट जोडभार किंवा जास्त) तर काच भिंतीच्या ४० टक्क्यांच्या आत आणि एसएचजीसी (काचेतून आत येणाऱ्या सौर उष्णतेचं प्रमाण) ०.२७ पर्यंत. लागू नसेल तरी हेच आकडे धरा, एसीचं बिल आपोआप समजावेल.

खारीहवा:
२.४ मीटरची गॅलरी दिली तर?

तावदान:
त्याच उन्हात सावली सुमारे १.४ मीटर. पडवीची कल्पना चांगली आहे, पण उरलेल्या काचेसाठी गॅलरीच्या कडेला सरकते ॲल्युमिनियम लूव्हर (तिरक्या पट्ट्यांच्या झडपा) लागतील. ते वरून टांगा, खाली फक्त गाइड. खालच्या ट्रॅकमध्ये मीठ-वाळू साचून चाकं अडकतात. ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर) २५ मायक्रॉनचं. स्टीलचे स्क्रू ॲल्युमिनियमला थेट भिडू देऊ नका, मध्ये नायलॉन वॉशर.

खिडक्यांची चौकट पाणी बाहेर काढणारी हवी, सिलिकॉनवर भिस्त नको. फॉल्स सीलिंग लावण्याआधी पाइपने खालून वर पाणी मारून चाचणी घ्या. वरून सुरू केलंत तर गळतीची जागा कळत नाही.

सळई:
आउटडोअर युनिट्स पूर्वेला, इमारतीच्या आडोशाला. कोटिंग केलेली कॉइल मागवा आणि शेजारी गोड्या पाण्याचा नळ द्या, कॉइल धुता आली पाहिजे. गच्चीवर पश्चिमेच्या कठड्याजवळ अजिबात नको.